उजेडाचं उष्टं

तारापूरला विजेच्या कारखान्याचं काम निघालं, तेव्हाची गोष्ट. रानभाजी विकायला सफाळ्याच्या बाजाराला जाणारी एक बाई रोज माझ्या बांधावरून जायची. डोक्यावरच्या टोपलीला हात न लावता, मान ताठ ठेवून.

त्या साली आंब्याखाली पेरलेली माझी भाताची रोपं पिवळी पडली. शेणखत घातलं, फरक नाही. लावणी पंधरा दिवसांवर आलेली.

एके सकाळी ती बाई बांधावर थांबली आणि एक रोप बोटांत धरून हसली. "पान उजेड खातं, दादा. तुजा आंबा समदा वरच खातो, खाली उष्टं पन ठेवत नाय."

"मला शेती शिकवतेस?" मी म्हणालो. पण ती दिसेनाशी होताच बापानं लावलेल्या आंब्याच्या फांद्या उतरवल्या. रोपं हिरवीगार झाली. गाव बघायला आलं, तेव्हा मी छाती काढून म्हणालो, "माझी अक्कल!"

ती तिथंच उभी होती. नुसती हसली आणि ताठ मानेनं निघून गेली. अक्कल तिची होती, हे आज माझ्या हातानं लिहितो.