तिसरं हॉस्पिटल

"तुमच्या लोकांना मढ्याची किळस नसते. रक्तातच आहे ते. पोस्टमॉर्टेमला कोणीतरी लागतंच."

सर, म्हणजे तिसऱ्या हॉस्पिटलात माझा इंटरव्ह्यू घेणारे मराठी डॉक्टर, हे मराठीत म्हणाले. मायक्रोस्कोपवरून डोळे न काढता. एकच स्लाइड दोघांना दिसावी असा तो शिकवायचा मायक्रोस्कोप. एका बाजूला मी, समोर ते. आवाज एकदम गोड. शेजारी बसलेला गोरा विभागप्रमुख हसला. त्याला वाटलं, गाववाले भेटलेत, ख्यालीखुशाली चाललीय.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. पॅथॉलॉजीच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे हॉस्पिटलात राहून पुढचं शिकायच्या जागेसाठी, मी अमेरिकेत इंटरव्ह्यू देत फिरत होते. सरांनी दारातच आडनाव विचारलं, मग गाव, मग "म्हणजे मूळचे कोण?" माझा बाप गावातली मेलेली ढोरं ओढायचा. मी नागपूरला डॉक्टर झाले, इथली परीक्षा पास झाले. पॅथॉलॉजी मला आवडायची म्हणून निवडली. या माणसानं एका वाक्यात मला उचलून पुन्हा गावकुसाबाहेर नेऊन ठेवलं.

"काय म्हणाले?" विभागप्रमुखानं मला विचारलं.

"आमच्याकडची एक म्हण," सरच बोलले.

माझी कानशिलं तापली होती. मी इंग्रजीत सांगितलं, "म्हण नाही. डॉक्टर म्हणतात, माझ्या जातीमुळे प्रेतं चिरणं माझ्या रक्तात आहे."

विभागप्रमुखानं घड्याळ बघितलं. "कौतुकानंच म्हणाले असतील," तो म्हणाला, आणि मला कॅफेटेरिया बघायला पाठवलं.

नेपरव्हिल गावात दादाच्या, म्हणजे मावसभावाच्या, बेसमेंटमध्ये मी राहत होते. तिथं बसून तिन्ही हॉस्पिटलांची तुलना केली. पहिलं सगळ्यात चांगलं. शिकवणारे नावाजलेले, पण तिथला एक जण तोंडावर म्हणाला, परदेशी डॉक्टर आम्ही सहसा घेत नाही. दुसरं आडगावातलं. शिकवणं बेताचं, व्हिसाचं "बघू". तिसरं सरांचं. शिकवणं उत्तम, व्हिसाही देतात. माझा व्हिसा जूनमध्ये संपत होता. आपण हॉस्पिटलं पसंतीच्या क्रमानं लिहून पाठवायची, हॉस्पिटलंही आपल्याला क्रम देतात, मग कॉम्प्युटर जोड्या लावतो. जे हॉस्पिटल आपल्या यादीत नाही, ते मिळत नाही.

यादी पाठवायच्या आठवड्यात सरांचा फोन आला.

"तुमचं नाव वर ठेवतोय. फक्त प्रमुखांना दोन ओळी लिहा, की भाषांतरात तुमची चूक झाली. बस."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. लाज वाटते सांगायला, पण तीन दिवस मी मनात त्या दोन ओळी जुळवत होते.

दादा तर मागेच लागला. "यार, लिहून दे आणि विषय संपव. जूनमध्ये काय करणार तू?" मग खालच्या आवाजात, "सर आमच्या मराठी मंडळात येतात. तू माझी बहीण आहेस हे त्यांना कळलं तर?"

दादानं इथं येऊन आडनाव बदललं होतं. मंडळाच्या गणपतीत आरतीचं ताट त्याच्या हातात असायचं. वीस घरांत त्याची ऊठबस, आणि एका घरालाही तो खरा ठाऊक नाही. मला त्याचा राग आला, त्याहून जास्त भीती वाटली. त्या दोन ओळी लिहिल्या की मीही हेच जगणार होते. रोज सकाळी सरांसमोर बसून.

मी कागद घेतला. विभागप्रमुखाला दोनच ओळी लिहिल्या.

"भाषांतरात चूक नव्हती. मूळ वाक्य खाली देत आहे."

खाली सरांचं वाक्य देवनागरीत, त्याखाली इंग्रजीत. मग यादी भरली. त्यात पहिली दोनच हॉस्पिटलं. दादानं गाडी काढली नाही. बर्फातून पोस्टापर्यंत चालत गेले.

जागा नाही मिळाली तर जूनमध्ये परत जाईन. पण मला कोणी मराठीत हळूच जात दाखवली, तर ती मी तिथल्या तिथे, खोलीतल्या प्रत्येकाला कळेल अशा भाषेत सांगणार. दर वेळी. मोठ्यानं.