नात्याचा रकाना

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कतारमध्ये, दोह्यातल्या एका इस्पितळात मी नर्स होते. वसईहून फोन आला, ताईचं काही खरं नाही, लवकर ये. मी तातडीच्या रजेचा अर्ज घेतला आणि नात्याच्या रकान्यात ‘सिस्टर’ लिहून मोकळी झाले. खरं तर ताई माझ्या काकांची मुलगी. पण आमच्या घरात चुलत हा शब्द कुणी उच्चारायचंच नाही, आणि आई गेल्यावर शाळेत जाताना माझ्या वेण्या घातल्या त्या तिनंच.

अर्ज वॉर्डाच्या इनचार्जकडे गेला. बाई आयरिश, शिस्तीची. तिच्यासमोर खोटं बोलायची कुणाची छाती नव्हती. ही रजा सख्ख्या नात्यालाच मिळते म्हणाली. तुमचे आईबाप एकच का, असंही विचारलं. मी नाही म्हटलं आणि मला रडू कोसळलं. स्वतःचा रागही आला. हो म्हणायला काय झालं होतं मला?

तिनं करक, म्हणजे तिकडचा दाट दुधाचा चहा मागवला आणि कागदावर एक शब्द लिहिला. ‘डेरफूर’, त्यांच्या भाषेत बहीण. जुन्या काळी नुसतं ‘श्यूर’ म्हणत. पुढे नात्यातल्या कुठल्याही बाईला श्यूर म्हणायला लागले, म्हणून सख्खीसाठी आधी ‘खरी’ या अर्थाचं ‘डेर’ जोडावं लागलं. नुसतं श्यूर आता मठातल्या सिस्टरांना उरलंय. आणि आधी ‘माझी’ आलं, की डेरफूरचा ड मऊ होऊन य होतो: ‘मो येरफूर’. माझी ताई तिकडे शेवटच्या घटका मोजतेय आणि ही मला व्याकरण शिकवतेय, असं मनात आलं.

मग तिनं विचारलं, तुला वाढवलं कुणी? ताईनंच, मी म्हटलं.

तिनं माझा अर्ज फाडला. नव्या कागदावर साधी रजा लिहिली. “नियम मोडणार नाही,” ती म्हणाली, “पण तुझ्या ड्यूट्या मी करीन. यल्ला, चल, बॅग भर.” इतकी मोठी बाई माझ्या जागी बेडपॅन उचलणार होती.

मी पोचले तेव्हा ताई शुद्धीवर होती. शेजारच्या कॉटवरच्या बाईनं विचारलं, “सख्खी का?”

ताईला धड बोलवत नव्हतं. “माझी,” एवढंच म्हणाली.

आम्हाला दोन दिवस मिळाले. दोन्ही सकाळी तिची वेणी मी घातली.