पडद्याचा बेस

२८ सप्टेंबर २००२, शनिवार. शाळा अर्धा दिवस होती. दुपारची जेवणं उरकून मी शिलाई मशीन खिडकीशी ओढलं आणि सॉफ्टबॉलचा पहिला बेस शिवायला घेतला. अर्धा पांढरा, अर्धा केशरी.

पांढऱ्यासाठी शाळेत जुन्या तंबूचं कापड पडून होतं. केशरी कापड आणायला बाजारात निघाले, तर सासूबाई म्हणाल्या, "पितृपक्षात नवं कापड घरात आणू नकोस. आठ दिवस थांब." आठ दिवसांत अंतिम सामना होऊन स्पर्धा संपणार होती. मी स्वयंपाकघराच्या दाराचा केशरी पडदा उतरवला. त्याला त्यांची हरकत नव्हती. आत काथ्या ठासून भरला, कोपऱ्यांना खिळे ठोकण्यासाठी पट्ट्या लावल्या. संध्याकाळपर्यंत बेस तयार झाला. चांगला झाला होता. नको तितका चांगला.

मी तेव्हा वसईतल्या एका शाळेत पी.टी.ची शिक्षिका होते. आमच्या तालुक्यात सात शाळा मुलींचा सॉफ्टबॉल खेळत. हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की चेंडू मारला की बॅट टाकून पहिल्या बेसकडे धावायचं असतं. तिथे समोरच्या संघाची एक मुलगी बेसवर पाय रोवून उभी असते. फेकलेला चेंडू तिच्या ग्लोव्हात आधी पडला, तर धावणारी बाद. म्हणजे दोन मुली जीव खाऊन एकाच हातभर जागेवर येणार. आदल्या वर्षी आमची पहिल्या बेसवरची मुलगी अशीच धडकून पडली आणि तिचं खांद्याजवळचं हाड मोडलं. पाय हलवायचा नाही, हे मीच तिला शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. ग्लोव्ह माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "हे घ्या तुमचं." एवढंच बोलली.

पुढच्या वर्षी, म्हणजे २००२ साली, नियम बदलला. पहिला बेस जोड झाला. उभी राहणारीने पांढऱ्यावर पाय ठेवायचा, धावणारीने बाहेरच्या केशरीवर. नियम चांगला होता, हे आधीच सांगून टाकते. धावणारीने चुकून पांढऱ्यावर पाय दिला आणि ती बेसवर परत यायच्या आत समोरच्या संघाने अपील केलं, तर ती बाद. अपील झालं नाही, तर पंचाने पाहिलेलं गिळून टाकायचं.

तालुक्याला मात्र नवे नियम वाचून दाखवायचे आणि पाळायचे नाहीत, अशी रीत होती. पंच म्हणजे आम्हीच, एकमेकांच्या शाळांचे शिक्षक. पहिलं वर्ष समज देण्याचं, असं म्हणायचो. हेल्मेटचा नियम आला तेव्हा सात शाळांत मिळून दोन हेल्मेटं होती, म्हणून पहिल्या वर्षी समज दिली, आणि दुसऱ्या वर्षीही. या वेळी बैठकीत मी म्हणाले की जोड बेसचा नियम पाळायचा, बेस मी शिवून आणते. आचोळ्याच्या बाजूच्या एका शाळेचे सर म्हणाले, "बाई, तुम्हाला घरी काम कमी पडतं का?" सगळे हसले. मीही हसले. ठराव झाला.

आमच्या संघात दहावीतली एक मुलगी शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवर खेळायची. खाडीकडच्या गावातली, घरची भातशेती, पावसाळ्यानंतर वाल आणि भाजी. शाळेत येण्याआधी ती आईबरोबर भाजीच्या जुड्या बांधून यायची. हात दगडासारखे, चेंडू सुटायचा नाही. अभ्यासात बेताची. मे महिन्याच्या शिबिरात बोरिवलीच्या एका कॉलेजच्या मॅडमनी तिला पाहिलं होतं. म्हणाल्या, "जिल्ह्याला खेळल्याचं प्रमाणपत्र आण, मी तुला खेळाच्या कोट्यातून घेते." मी तिच्या घरी जाऊन हे सांगितलं. तिचे वडील ओट्यावर कोयत्याला धार लावत होते. मान वर न करता म्हणाले, "खेळावर घेतात तं जाऊ दे. मार्कांवर ती जायची नाय. न गेली तं जूनपासून कामाला."

जिल्ह्याला जाणार होता फक्त तालुक्यातला पहिला संघ.

सोमवारी मी बेस शाळेत नेला. मुली त्याच्याभोवती जमल्या.

"बाई, हा तुमच्या घरचा पडदा ना? आता तुमच्याकडे काय शिजतंय ते सगळ्यांना दिसणार."

"दिसू दे. डाळच असते."

एकीने पाय पुढे केला तशी मी ओरडले. मळवायचा नाही, शनिवारी अंतिम सामना आहे, सगळ्या शाळा बघणार आहेत. वर्तमानपत्रात गुंडाळला, वर प्लास्टिक घातलं आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. सराव जुन्या बेसवर. त्याच्या बाजूला मी फक्कीने चौकोन आखायचे आणि सांगायचे, "इथे केशरी आहे असं समजा." पाच-सहा जणी धावून गेल्या की फक्की पुसली जायची. मग मुली पायाला जाणवणाऱ्या त्या जुन्या, पोत्याच्या बेसवरच पाय द्यायच्या. मी शिट्टी मारून ओरडायचे, त्या हसायच्या, मी पुन्हा फक्की मारायचे.

बुधवारी शॉर्टस्टॉप माझ्याजवळ आली. "बाई, खरा आना ना एकदा. पायाला कलत नाय."

"शनिवारी कळेल," मी म्हणाले.

शनिवारी सामना आचोळ्याच्या त्याच शाळेशी होता. बेसजवळ उभे राहायला नेमलेले पंच मतदार यादीच्या कामात अडकले आणि आलेच नाहीत. होम प्लेटमागे, जिथून चेंडू मारतात तिथे, एक निवृत्त सर होते, ते एकटे दोन्हीकडे बघू शकत नव्हते. माझ्याच शाळेचा सामना, म्हणून मी नको म्हणत होते. आचोळ्याचे सर म्हणाले, "उभ्या राहा हो बाई. तो पडदा तुमच्याशिवाय कळतो कोणाला?" मी शिट्टी गळ्यात घातली.

दोन्हीकडच्या मुली चुकतमाकत केशरीवर धावत होत्या. आमची शॉर्टस्टॉप मात्र दोन्ही वेळा लांब मारून गेली होती. चेंडू पहिल्या बेसकडे येणारच नसेल तेव्हा पांढऱ्यावरून वळून पुढे जायला मुभा असते. ती तशीच गेली, मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंही.

शेवटची इनिंग आली तेव्हा पाच-पाच अशी बरोबरी होती. आमच्या दोघी बाद, तिसऱ्या बेसवर आमची एक मुलगी, बॅटवर शॉर्टस्टॉप. तिचे वडील पहिल्यांदाच खेळ बघायला आले होते. कुंपणाशी सायकल टेकवून उभे होते. तिने चेंडू जमिनीलगत मारला आणि धावली. चेंडू उचलला गेला, फेकला गेला, ग्लोव्हात पडला. त्याआधी ती बेसवर पोचली होती. यात तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. फक्त तिचा पाय पांढऱ्यावर पडला होता. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

मी दोन्ही हात पसरून 'सेफ', म्हणजे बाद नाही, असं दाखवलं, कारण नियमाप्रमाणे अपील होईपर्यंत ती सेफच होती. तिकडे तिसऱ्या बेसवरची मुलगी होम प्लेटला पोचली, म्हणजे जिंकणारी धाव झाली, आणि आमच्या मुली उड्या मारायला लागल्या. शॉर्टस्टॉप वेगात दहा-बारा पावलं पुढे गेली होती, ती आता वळून बेसकडे चालत येत होती. तिने बेसवर पाय ठेवला की सगळं संपलं, मग कोणी काही विचारू शकत नव्हतं. ती हसत होती, सावकाश चालत होती. मी तिची पावलं मोजत होते. मनात म्हणत होते, पाय उचल. तोंडाने म्हणू शकत नव्हते.

तीन-चार पावलं राहिली असतील. आचोळ्याची पहिल्या बेसवरची मुलगी, आठवीतली असावी, लाल रिबिनी बांधलेली, माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "बाई, ती पांढऱ्यावरून गेली. असं चालतं का?"

ती विचारत होती. अपील कसं करायचं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिचे सर तिकडे बॅटा पोत्यात भरायला लागले होते. मी नुसतं "काय म्हणालीस?" असं विचारलं असतं, तरी ती तीन पावलं पडून गेली असती. हे मला त्याच क्षणी कळलं होतं, नंतर सुचलेलं नाही.

मी हात वर केला. "आऊट."

ती तिसरी बाद, म्हणून धाव रद्द झाली. शॉर्टस्टॉप म्हणाली, "बाई, पन मी आधी पोचले." मी बेसकडे बोट दाखवलं. तिने खाली पाहिलं. मग ग्लोव्ह घालून आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. जास्तीच्या इनिंगमध्ये आचोळ्याने एक धाव काढली, आम्ही काढली नाही.

चहा पिताना निवृत्त सर म्हणाले, "त्या पोरीने विचारलं, अपील कुठे केलं? समज देऊन सोडलं असतंत तर कोणी बोललं नसतं."

"मी बोलले असते," मी म्हणाले. पण ते खरं होतं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिचे वडील सायकल धरून उभे होते. "बाई, ती पोचली होती ना आधी?"

"पोचली होती."

"मंग?"

मी नियम समजावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाले, "नियम तुमचा, पडदा तुमचा, न पोरगी पन तुमचीच होती." मुलीला मागे बसवलं आणि गेले. ती वडिलांकडे पाठ करून बसली होती, म्हणजे तिचं तोंड माझ्याकडे होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

कॉलेजच्या मॅडमना मी दोनदा पत्र लिहिलं, एकदा जाऊनही आले. त्या चांगल्या होत्या. म्हणाल्या, "तालुक्याच्या उपविजेत्याला मी काय म्हणून घेऊ? माझ्याही वर माणसं आहेत." नियम त्यांनाही होता. दहावी ती काठावर पास झाली. जूनमध्ये पूर्वेकडच्या एका गाळ्यात बॉलपेनच्या रिफिली भरायच्या कामाला लागली. तिच्यानंतर मी बऱ्याच मुलींना जिल्ह्याला नेलं. तिच्यासारखे हात पुन्हा पाहिले नाहीत.

सहा-सात वर्षांनी ती मला एव्हरशाईन सिटीत भाजीच्या गाडीशी भेटली. कामावरून परतत होती. बोटांच्या पेरांत निळी शाई.

"बाई, वलखलं का?"

"ओळखलं."

इकडचं तिकडचं झालं. टोमॅटो निवडता निवडता तिने विचारलं, "पडदा हाय का अजून?"

"आहे."

"मलला?"

"मळला."

"बरं झालं," ती म्हणाली आणि टोमॅटो भाजीवाल्याच्या पारड्यात टाकले. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

तो कसा मळला, ते मी तिला सांगितलं नाही. भाजीच्या गाडीवर सांगण्यासारखं नव्हतं.

सामन्याचा दुसरा दिवस रविवार होता, सर्वपित्री अमावास्या. पहाटे उठून मी वड्यांचं पीठ भिजवलं, भोपळा चिरून ठेवला आणि सासूबाईंना म्हणाले, दहापर्यंत येते. आजच्या दिवशी शाळा कसली, असं त्यांनी विचारलं. मी चपला घालून निघाले. शिपायाकडून किल्ली घेतली, कपाट उघडलं. शनिवारी संध्याकाळी मी बेस पुसून, पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. हात सवयीने चालतात. कागद फाडून टाकला आणि बेस मैदानात खिळ्यांनी पक्का ठोकला. शाळेजवळ राहणाऱ्या नववीच्या मुलींना घरोघरी जाऊन उठवलं. तिघी-चौघी चर्चमधून मिस्सा आटोपून आल्या, रविवारच्या फ्रॉकवर कॅनव्हासचे बूट. शॉर्टस्टॉपला बोलवायला मी गेले नाही. तिच्या दारात जाऊन काय सांगणार होते?

आठ जणी जमल्या. प्रत्येकीला मी होम प्लेटपासून केशरीपर्यंत वीस वेळा पळवलं. दव पडलेलं होतं, मैदान ओलं होतं. तिसऱ्या फेरीतच केशरीवर चिखलाचे पाय उमटले.

एक मुलगी थांबली. "बाई, मळतोय."

"मळू दे. धाव."

दहा वाजता केशरी कुठे संपतं आणि पांढरं कुठे सुरू होतं, ते लांबून ओळखू येत नव्हतं. मुलींचे पाय मात्र न बघता बरोबर पडत होते. मी खिळे उपटले, बेस न झटकता बॅटांच्या पोत्यात टाकला, कपाट उघडंच ठेवलं आणि घरी पानं वाढायला गेले.