तारेने पाडलेल्या चुण्या

हृदयाच्या वाकड्यातिकड्या रक्तवाहिन्यांचा आमच्या सरांना राग यायचा. पेशंटने मुद्दाम छळायला त्या तशा वाढवल्या आहेत, असा त्यांचा चेहरा व्हायचा. मला सरांचाच राग यायचा. पुण्यातल्या त्या हॉस्पिटलात मी त्यांच्या हाताखाली शिकत होते, म्हणजे रोज चारचौघांत अपमान करून घेत होते.

त्या दिवशी टेबलावर खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका होते. अँजिओप्लास्टीत पेशंट जागाच असतो. काका छताकडे बघत सगळं ऐकत होते. त्यांची रक्तवाहिनी इतकी वळणावळणाची, की जिच्यावरून स्टेंट सरकवतात ती साधी तार पहिल्या वळणापुढे जाईना. सरांनी कडक तार घातली. ती गेली, ब्लॉकच्या जागी स्टेंटची धातूची जाळीही बसली. पुन्हा पडद्यावर पाहिलं तर पुढे दोन नवे ब्लॉक. सरांनी आणखी दोन स्टेंट मागवले.

मघाशी तिथे काहीच नव्हतं. परकराची नाडी ओढली की कापड गोळा होतं, तशा कडक तारेने ताणलेल्या रक्तवाहिनीला चुण्या पडतात. ते ब्लॉक नव्हतेच. निरोगी जागी धातू बसला असता, तोही जन्मभरासाठी. मी म्हटलं, "सर, आधी तार मागे घेऊन बघू या."

"आणि पुन्हा गेली नाही तर? आपण घालणार का?"

भीती खोटी नव्हती. अशा वळणांतून निसटलेली तार परत जाईलच असं नसतं. पण त्यांचं ते खोचक 'आपण' ऐकून माझं डोकंच फिरलं. पूर्ण काढू नका, कडक भाग मागे येऊन नुसतं मऊ टोक आत राहील एवढीच ओढा, असं मी जवळजवळ दरडावूनच सांगितलं आणि नर्सला स्टेंटचं पाकीट फोडू दिलं नाही. सरांनी माझ्याकडे न बघता तार ओढली. चुण्या गेल्या, रक्त बिनबोभाट पुढे वाहू लागलं.

बाहेर येऊन सरांनी काकांच्या पत्नीला सांगितलं, की केस अवघड होती, पण त्यांनी वेळीच हात आवरता घेतला. त्या बाई सरांच्या पाया पडल्या. मी बाजूला दातओठ खात उभी.

संध्याकाळी काकांना बघायला वॉर्डात गेले. निदान त्यांनी तरी सगळं ऐकलं होतं. ब्लडप्रेशर घ्यायला हात धरला, तर त्यांनी तो काढून घेतला.

"माझ्या काळजात तार असताना तुम्ही साहेबांशी भांडत होतात," ते म्हणाले. "आमच्या कारखान्यात अशा माणसाला गेटबाहेर काढतात. मला तपासायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."