चिठ्ठीशिवाय पाणी न पिणारे गृहस्थ

साधा प्रोग्राम चुकला तर तो एकटाच बंद पडतो. मग प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, चुकला तर सारे यंत्र का थांबते? या प्रश्नाचे उत्तर मला अंधेरीच्या आमच्या संगणक केंद्रातील एका गृहस्थांनी दिले.

यंत्राच्या खोलीत ते एकटेच बसत. आम्हाला काही छापायचे असले की खिडकीतून चिठ्ठी द्यावी लागे. "प्रिंटरला थेट हात नाही लावायचा. कर्नल हा यंत्राचा कारभारी प्रोग्राम, तोही तुमच्या प्रोग्रामला लावू देत नाही," असे ते बजावत. माठ हाताशी असूनही ते शिपायाला चिठ्ठी देऊनच पाणी मागवत.

एकदा पाचपर्यंत एका शाळेचा निकाल छापून द्यायचा होता आणि चार वाजता सगळ्यांचे पडदे गोठले. नव्या प्रिंटरचा ड्रायव्हर त्यांनीच लिहिला होता आणि चूक त्यातच होती. ते शांतपणे बाहेर आले, दार ओढले आणि खिडकीतून रिकाम्या खोलीत चिठ्ठी सरकवली.

"अहो, आत कोणी नाही! निकालाची वाट लागेल!" मी ओरडलो.

"सर, प्रोग्राम बाहेर असतो, एकटा मरतो. ड्रायव्हरला कर्नल आत घेतो. तो सगळ्यांना घेऊन बुडतो. आत बसायची माझी लायकी नाही. तुम्ही जा, मंजूर करा ना!"

मी आत जाऊन चिठ्ठी वाचली : 'जुना ड्रायव्हर बसवून यंत्र सुरू करण्यास परवानगी मिळावी.' सही केली. मगच ते आत आले. निकाल पाचला पाच मिनिटे असताना छापून झाला.

वाचकांनी माझ्यावर विसंबू नये. मुद्दाम एक चुकीचा प्रोग्राम चालवावा आणि त्याच यंत्रावरचे शेजाऱ्याचे काम चालू राहते का, ते स्वतः पाहावे.