सोमवारच्या आधीचं शूटिंग

सोमवारी नागपूरला बाबांचं ऑपरेशन ठरलं होतं. गळ्यातली गाठ स्वरयंत्रापर्यंत पोचली होती. सगळंच काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. बाबांनी मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मंग आता सोमवारपर्यंत गप्पा मारून घेऊ का पोटभर?" मी दवाखान्याच्या पायरीवरच त्यांच्यावर ओरडले. मला असल्या वेळी रडू येत नाही, राग येतो. त्यांच्या खिशात तेव्हासुद्धा तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी होती, ती मी हिसकून कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्यांनी मुकाट्यानं टाकू दिली.

मी पवनीच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. कॉलेजनं दोन व्हिडिओ कॅमेरे, दोन ट्रायपॉड, कॉलरला लावायचा एक वायरलेस माइक आणि एक हेडफोन घेतला, आणि "मॅडमला आवड आहे" म्हणून त्या सामानाचं कपाट माझ्या माथी मारलं. आवड वगैरे काही नव्हती. पण एकदा शिकले तेव्हा नीट शिकले, आणि मग पोरांना वाकडा ट्रायपॉड लावताना बघून माझं डोकं फिरायला लागलं. त्या वर्षी प्रत्येक गटानं आपल्या भागातल्या एका कलावंतावर दहा मिनिटांची फिल्म करायची होती. तीन पोरींच्या गटाला कुणी मिळेना. मी म्हटलं, आसगावला माझे बाबा आहेत, गुरुवारी जाऊ. पोरी खूश झाल्या. मॅडमनं किती मदत केली असं त्यांना वाटलं. खरं म्हणजे मला बाबांचा आवाज हवा होता, साठवून ठेवायला, आणि तो चांगल्या माइकमधून हवा होता.

बाबा प्रॉम्प्टर होते. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागतं. नट आज या गावात, उद्या त्या गावात. पाठांतराला वेळ कुणाला? म्हणून विंगेत एकजण नाटकाचं पुस्तक घेऊन बसतो, प्रत्येक वाक्य नटाच्या आधी हळूच म्हणतो, आणि नट ते उचलून गर्जतो, टाळ्या घेतो. दिवसा गावचं पोस्ट आणि मंडईच्या दिवसांत पुस्तक, अशी बाबांची बरीच वर्षं गेली. स्टेजवर माइक लटकलेले असतात. प्रॉम्प्टरचा आवाज त्यांत शिरला की नाटकाचा विचका होतो. बाबांचा आवाज कधी शिरला नाही म्हणतात. त्यांना दुसरा कसलाही गर्व नव्हता, हा एवढा होता.

मी नऊ वर्षांची असताना आई तापानं गेली. त्या रात्री बाबा दुसऱ्या गावच्या मंडईत पुस्तक घेऊन बसले होते. आत्या सांगायची की आईचं काही खरं नाही असा निरोप पहिल्या अंकातच पोचला होता. "तुया बापानं पुस्तक खाली नाही ठेवलं," एवढंच ती म्हणायची, आणि मग भाजी निवडायला लागायची. बाबा आले ते सकाळी, आणि तोवर आई नव्हती. निरोप खरंच कधी मिळाला, मिळाल्यावर ते काय करत होते, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही. बाकी भांडणं मात्र आम्ही पुष्कळ केली. खर्र्यावरून, माझ्या लग्नावरून, माझं लग्न मोडलं त्यावरून, घरावर स्लॅब टाकायचा की टिनाच राहू द्यायच्या यावरून. एवढं भांडलो, आणि जे भांडायचं होतं तेवढं राहिलं.

पोरींनी आठ प्रश्न लिहून आणले होते. नववा मी लिहून दिला: नाटक चालू असताना तुम्ही कधी पुस्तक खाली ठेवून उठलात का? पोरींना त्यात काही वावगं दिसलं नाही. चांगला प्रश्न आहे म्हणाल्या. स्वतःच्या तोंडानं विचारायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी ते वाक्य एकोणीस वर्षांच्या पोरीच्या तोंडात ठेवलं. शेवटी मी प्रॉम्प्टरचीच लेक.

धानाच्या रोवणीचे दिवस होते. गावात माणूस दिसत नव्हतं, सगळे शेतात, बांधीत. समोरच्या खोलीत आम्ही सामान मांडलं. एक कॅमेरा बाबांच्या समोर, तो माझ्याकडे. दुसरा खिडकीजवळ, बाजूनं चेहरा घ्यायला, त्यावर एक पोर. दारातला उजेड चेहऱ्याच्या एका बाजूवर यावा म्हणून खुर्ची तीनदा सरकवली. पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, भिंतीवरचं घड्याळ काढून आतल्या खोलीत गोधडीखाली ठेवलं. बाबा सगळं बघत बसले होते. "येवढी तयारी त आमच्या कंपनीनं राजाच्या दरबारालेबी नाही केली कधी," ते म्हणाले. पोरी हसल्या. मी म्हटलं, "बाबा, हलू नका, खुर्ची वाजते."

माइक मीच लावला. शर्टाच्या दुसऱ्या बटनाजवळ चिमटा बसवायचा, वायर आतून घ्यायची, म्हणजे कापडाची खसखस येत नाही. कॉलर बाजूला करताना माझी बोटं गळ्याच्या गाठीला लागली. ती कडक होती, आणि बाबांनी श्वास रोखून धरला होता. लहानपणानंतर त्यांच्या इतक्या जवळ मी कधी गेले असेन, मला आठवत नाही. मला त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवावंसं वाटलं. तीन पोरी बघत होत्या, म्हणून मी चिमटा पुन्हा एकदा तपासला आणि मागं झाले.

प्रश्न विचारणारी पोर कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला स्टुलावर बसली. तिनं बाबांना समजावलं, "आबाजी, कॅमेऱ्याकडे पाहू नका बरं. मायाकडेच पाहून बोलजा, जशा आपल्या दोघांच्याच गप्पा." नंतर दोन्हींचं चित्र जुळवता यावं म्हणून तिसरीनं दोन्ही कॅमेऱ्यांसमोर टाळी वाजवली आणि आम्ही सुरू केलं. हेडफोन माझ्या कानावर होता. दुसऱ्या कुणाच्या कानावर माझा विश्वास नव्हता.

पहिली पंधरा मिनिटं वाया गेली. आवाज तपासताना जेवणात काय होतं ते बाबांनी खणखणीत सांगितलं होतं, आणि नाटकाचा विषय निघताच ते कुजबुजायला लागले. हनुवटी बाजूला वळवून, माइकला चुकवून. मी सारखी म्हणत होते, मोठ्यानं बोला, मोठ्यानं. शेवटी तेच वैतागले. "सवय हाये ना बाई! जिंदगीभर माइकपासून लपून रायलो, आन आता तू तोच छातीवर टोचून ठेवलास. कसा निंगन आवाज?"

पण मग निघाला. एका नटानं नशेत बाबांनी सांगितलेलं वाक्य सोडून "जरा जोरात सांग ना रे" असं भर स्टेजवर म्हटलं, ते सांगताना बाबा खुर्चीत मागं रेलून हसले आणि आवाज मोकळा झाला. घोगरा होता, मधे मधे अडखळत होता, पण तो माझ्या बाबांचाच आवाज होता, मला हाका मारणारा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आवाजाच्या हिरव्या पट्ट्या जिथं नाचायला हव्या तिथं नाचत होत्या. मी त्या पट्ट्यांवर नजर ठेवून उभी होते आणि कितीतरी दिवसांनी सुखात होते.

आठवा प्रश्न झाला. पोरीनं कागदाकडे पाहून नववा विचारला, "आबाजी, नाटक सुरू असताना तुमी कधी पुस्तक खाली ठेवून उठले का?"

बाबा खाली बघायला लागले. पोरीनं चांगलं केलं, घाई केली नाही. मग ते काहीतरी बोलायला लागले, आणि त्याच वेळी रस्त्यावरून चिखलणीचा ट्रॅक्टर येऊ लागला, लोखंडी चाकांचा, खडखड करत. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मला दिसलं की बाबांची नजर पोरीवरून हटून थेट कॅमेऱ्यात आली आहे. मी हात वर केला. "थांबा बाबा, थांबा. ट्रॅक्टर जाऊ द्या. आणि इकडे नका पाहू, तिच्याकडे पाहून सांगा."

ते थांबले. सांगितलं तिथं थांबायची आणि सांगितलं तिथं सुरू करायची शिस्त त्यांच्या अंगात होती. ट्रॅक्टर गेला. मी खूण केली. पोरीनं प्रश्न पुन्हा विचारला, शब्दाला शब्द. बाबा तिच्याकडे बघून, माइकमध्ये स्वच्छ, म्हणाले, "नाही बेटा. कधीच नाही. पुस्तक खाली ठेवलं त नाटक मरते."

पोरींना ते वाक्य फार आवडलं. फिल्मचं शेवटचं वाक्य तेच करू म्हणाल्या. मी हो म्हटलं.

मग शूटिंगच्या रिवाजाप्रमाणे नुसत्या खोलीचा एक मिनिट आवाज घेतला, सगळ्यांनी गप्प राहून; नंतर फिल्म जोडताना तो लागतो. माइक काढताना बाबांनी विचारलं, "झालं का मनासारखं?" मी म्हटलं, "झालं ना." सामान गाडीत भरताना मी पोरींवर चिडले, वायर नीट गुंडाळली नाही म्हणून.

सोमवारी ऑपरेशन झालं. गळ्याला भोक आणि हातात पाटी घेऊन बाबा घरी आले. पाटीवर ते पाणी, खिडकी, भात नको असं लिहायचे. मधूनच माझी थट्टाही लिहायचे. आठ महिने ती पाटी होती. त्यावर मी एक प्रश्न लिहू शकले असते. आमच्याकडे वेळ होता, खडू होता, आणि रोज दोन वेळा मी त्यांच्यासमोर बसत होते.

हिवाळ्यात कॉलेजात फिल्म दाखवली. बाबा मफलर गुंडाळून पहिल्या रांगेत बसले होते. अख्खा हॉल त्यांच्या आवाजानं भरला, नटाच्या गोष्टीला पोरं शिट्ट्या मारून हसली, आणि शेवटी ते वाक्य आलं, "पुस्तक खाली ठेवलं त नाटक मरते." टाळ्याच टाळ्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या स्वतःच्या वाक्याला. मी विचारलं, "कशी वाटली बाबा?" त्यांनी पाटी गुडघ्यावर घेतली, बराच वेळ खडू धरून बसले, आणि लिहिलं, "आवाज साफ आला."

गाठ फिरून आली, खाली छातीत. उन्हाळा लागायच्या आधी ते गेले. पुण्यानुमोदनाला त्या तिन्ही पोरी आल्या. निघताना एकीनं मला पेन ड्राइव्ह दिला. म्हणाली, "मॅडम, आबाजीचं सगळं शूटिंग यात हाये, कापलेलंबी. आमी काहीच डिलीट नाही केलं." तो बरेच दिवस माझ्या पर्समध्ये पडून होता. एका रविवारी दुपारी मी तो लावला.

खराब म्हणून बाजूला ठेवलेली क्लिप त्यात होती. पोर विचारते, उठले का? बाबा खाली बघतात. मग मान वर करतात आणि कॅमेऱ्यात बघतात, म्हणजे कॅमेऱ्यामागं उभ्या असलेल्या माझ्याकडे. पोरींना ते पोरी म्हणत, बेटा म्हणत. बाई फक्त मला म्हणत. "एकदा ठेवाले पायजे होतं, बाई. निरोप आला तवा मी..."

आणि मग माझा आवाज, सगळ्यांत मोठा. थांबा बाबा, थांबा.

त्यांना समजलं होतं. नववा प्रश्न कुणाचा आहे, हे त्यांना पहिल्या शब्दातच समजलं असणार. दुसऱ्याच्या तोंडात वाक्य कसं ठेवतात ते त्यांच्याहून जास्त कुणाला ठाऊक? म्हणून उत्तर त्यांनी मला दिलं. आणि मी त्यांना तोंड तिकडे करायला सांगितलं.

मी ती क्लिप किती वेळा ऐकली सांगता येणार नाही. ट्रॅक्टर आहे, पण लांब आहे, नीट कान दिला तरच कळतो. माइक त्यांच्या छातीवर होता, एकेक शब्द स्पष्ट येतो. हेडफोनमध्ये मलाही तो तसाच आला असणार. मग मी कशाला थांबवलं? पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगितलं की कामाच्या नादात लक्ष गेलं नाही. ते खोटं आहे. मी ऐकलं होतं. "निरोप" हा शब्द कानात पडला आणि मला भीती वाटली, की आता ते सांगतील आणि मग मला त्यांना माफ करावं लागेल, किंवा करता येणार नाही. ट्रॅक्टर आयता मिळाला.

क्लिप मी म्हटल्यावर लगेच संपत नाही. अजून चार-पाच सेकंद आहे. त्यात बाबा माझ्याकडेच बघत आहेत. नटाला वाक्य पेलणार नाही असं दिसलं की बाबा ते वाक्य गाळून पुढचं सांगायचे, असं त्यांनीच त्या दिवशी पोरींना सांगितलं होतं. ते बघतात, हळूच मान हलवतात, राहू दे म्हणाल्यासारखी, आणि पोरीकडे तोंड वळवतात.