वारज्यातल्या हॉलमधला गारवा

भूतबाधा, करणी असलं काही कोणी बोलायला लागलं की मी पेपर उघडतो. खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं थर्मामीटर तपासले — आकडा दिसल्याशिवाय मला स्वतःचा तापसुद्धा पटत नाही. तरी हे लिहितोय...

वारज्यात दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. माझी बायको नलिनी साठीत पियानो शिकायला लागली. मे महिन्यात तिच्या मॅडमनी फिनलंडच्या कुणा संगीतकाराची रचना दिली. हा गृहस्थ म्हणे झाडांवर संगीत लिहायचा. ही रचना बर्फात उभ्या असलेल्या, देवदारासारख्या एका झाडावर होती. तिसऱ्या ओळीत नलिनीचा डावा हात हमखास चुकायचा.

पहिल्यांदा चुकली आणि माझ्या अंगावर काटा आला. सुराने नाही... थंडीने! पंखा बंद होता, कारण नोटेशनची पानं उडतात. बाहेर चाळीस डिग्री. थर्मामीटर आणला — एकोणीस. दुसरा आणला — एकोणीस!

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे कांबळे तक्रार घेऊन आले.

"वहिनी, या छळाची काही वेळ ठरवली आहे का आपण?" म्हणाले, आणि दारातच थबकले. "एसी कधी बसवलात?"

"नाही बसवला."

ते सोफ्यावर टेकले. "मग वाजवा."

मी मोबाइलवर तीच रचना लावून पाहिली — काही नाही. मॅडम येऊन वाजवून गेल्या — नुसता घाम. गारवा फक्त नलिनी चुकली की!

आठवड्याभरात निम्मी बिल्डिंग आमच्याकडे. कांबळे तर स्वेटर घालून. पण नलिनीचा हात सुधारू लागला, तसे लोक अस्वस्थ झाले.

"वहिनी, एवढा रियाज तब्येतीला बरा नाही," कांबळे म्हणाले.

मीही म्हणालो, "अगं, मे संपेपर्यंत चुकत राहा की."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अहो, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी फक्त माझ्यासाठी शिकतेय. त्याचाही तुम्ही कूलर करणार?"

मी दोन्ही थर्मामीटर कपाटात ठेवून दिले.

रविवारी तिने सगळ्यांसमोर अख्खी रचना वाजवली. तिसरी ओळ आली... एकही चूक नाही. हॉल भट्टीसारखा तापला. सगळे निथळत होते, पण कोणी उठलं नाही. कांबळ्यांनी स्वेटर काढला आणि पहिली टाळी वाजवली.

गारवा पुन्हा आला नाही. तो कशाने यायचा, हे मला आजही सांगता येत नाही.

परवा मॅडमनी त्याच संगीतकाराची नवी रचना दिली — तळ्यावरची. कांबळे लगेच वर आले. "आमच्याकडे गळणार नाही ना?"

मी हसलो. पण पियानोखाली बादली ठेवली आहे.